कन्सेंट फॉर्मवर सही घेतली की एथिक्स संपलं का?

मानसशास्त्राचं कुठलंही टेक्स्टबुक काढून बघा, रिसर्चच्या भागात एक प्रकरण एथिक्सचं असतं आणि एक बायसचं, म्हणजे निष्कर्ष नकळत एका बाजूला झुकण्याचं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही अशा पद्धतीने ती लिहिलेली असतात. एथिक्सवाल्या प्रकरणात सांगतात की माणसाला इजा होऊ देऊ नका, आधी परवानगी घ्या, नाव बाहेर फुटू देऊ नका, फसवून काही केलं असेल तर शेवटी समोर बसवून खरं काय ते सांगा. बायसवाल्या प्रकरणात सॅम्पल कसं घ्यायचं, तुलनेसाठीचा कंट्रोल ग्रुप कशाला लागतो, ब्लाइंडिंग म्हणजे काय (कोण कुठल्या गटातलं ते तपासणाऱ्याला न सांगणं), आकडे कसे तपासायचे. म्हणजे पहिलं प्रकरण चांगलं वागण्याचं आणि दुसरं नीट काम करण्याचं. विद्यार्थी दोन्ही पाठ करतात, पेपरात वेगवेगळ्या प्रश्नांत लिहितात आणि पुढे स्वतः रिसर्चला लागले की डोक्यातही वेगळेच ठेवतात.

मला ही वाटणीच चुकीची वाटते. माझं म्हणणं सरळ आहे, ज्या स्टडीतून काही कळूच शकत नाही अशी स्टडी माणसांवर करणं हेच मुळात अनैतिक आहे, मग त्यात कोणाला साधा ओरखडाही न येवो. आणि रिझल्ट मनासारखा आला नाही म्हणून तो बाजूला सारणं ही टेक्निकल चूक नाहीये, ज्या लोकांनी विश्वासाने आपला वेळ, आपली भीती, आपल्या मनातल्या लाजेच्या गोष्टी तुमच्या हवाली केल्या त्यांचा तो विश्वासघात आहे. स्टडीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्या आज अर्धाच प्रश्न विचारतात, "या माणसाला त्रास होईल का?" उरलेला अर्धा प्रश्न, म्हणजे "यातून काही खरं कळणार आहे का, आणि कळलेलं तुम्ही सांगणार आहात का?" हा त्यांनी विचारलाच पाहिजे.

१९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात झालेलं प्रकरण घ्या. वेंडेल जॉन्सन हे तोतरेपणावर काम करणारे नावाजलेले संशोधक, स्वतःही तोतरे बोलायचे. त्यांचं मत असं की मूल तोतरं जन्माला येत नाही, घरचे लोक त्याच्या साध्या अडखळण्याला "हा तोतरा आहे" म्हणायला लागतात आणि मग ते तोतरं होतं. हे तपासायला त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर एका अनाथाश्रमात गेली, २२ मुलं घेतली. त्यातली सहा मुलं व्यवस्थित बोलणारी होती, त्यांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुमचं बोलणं बिघडलंय, तोतरेपणाची लक्षणं दिसतायत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. हा प्रयोग चाललाय हे मुलांना कोणी सांगितलं नाही. मुलं गप्प झाली, बोलायला घाबरायला लागली, वर्गात मागे पडली. तो प्रबंध विद्यापीठाच्या लायब्ररीत पडून राहिला, २००१ मधे एका वर्तमानपत्राने प्रकरण बाहेर काढलं, विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मधे आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई देऊन कोर्टातली केस मिटवली.

एथिक्सच्या वर्गात ही गोष्ट इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. पण पुढचा भाग मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. २००२ मधे या विषयातल्या दोन तज्ज्ञांनी तो जुना डेटा परत तपासला, तर त्यातून जॉन्सन यांच्या थिअरीला काही आधारच मिळत नाही असं निघालं. मुलं खचली हे खरं, पण ती तोतरी झाली असं त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि मुळात स्टडीची रचनाच इतकी कच्ची होती की हो किंवा नाही कुठलंच ठाम उत्तर तिच्यातून येणार नव्हतं. म्हणजे सहा पोरांचं बालपण गेलं आणि बदल्यात ज्ञान म्हणून जे मिळालं ते शून्य. आता असं बघा, त्या काळात मुलांच्या भावनांचा विचार करणारी कमिटी नव्हती असं समजू, पण कोणीतरी नुसतं एवढं विचारलं असतं ना की सहा मुलांवरून, अशा मोजमापाने, तुम्हाला नक्की काय सिद्ध करता येणार आहे, तरी ती मुलं वाचली असती. चांगल्या मेथडचा आग्रह हाच तिथे मुलांच्या बाजूने उभा राहिला असता.

आता अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठातला प्रयोग. १९७१ चा ऑगस्ट, विद्यापीठाच्या तळघरात नकली तुरुंग, कॉलेजच्या २४ मुलांपैकी काही कैदी, काही गार्ड, रोजचे १५ डॉलर. दोन आठवडे चालणार होता तो प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला कारण गार्ड क्रूर झाले आणि कैदी कोलमडायला लागले. निष्कर्ष असा काढला गेला की माणूस चांगला-वाईट असा काही नसतो, परिस्थिती आणि युनिफॉर्म माणसाला राक्षस बनवतात. गेली पन्नासेक वर्षं हे जगभर शिकवलं गेलं. फिलिप झिम्बार्डो हे प्रयोगाचे मुख्य संशोधक, पण ते नुसते बघत नव्हते, त्या तुरुंगाचे सुपरिटेंडेंट म्हणून ते स्वतःच त्यात भूमिका करत होते. नंतर टेप्स आणि कागदपत्रं बाहेर आली, २०१९ मधे त्या सगळ्या आर्काइव्हवर आधारलेला एक सविस्तर पेपर आला, त्यात दिसलं की गार्डना कसं वागायचं याच्या सूचना दिल्या जात होत्या, जो गार्ड कडक वागत नव्हता त्याला वॉर्डन बनलेला विद्यार्थी "तू जरा कडक हो" म्हणून समजावत होता. त्याच्याही आधी २००७ मधे दोघा संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासली होती. त्यांनी दोन जाहिराती दिल्या, एकीत लिहिलं "तुरुंगातल्या जीवनावरच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी" आणि दुसरीत नुसतं "मानसशास्त्रीय अभ्यासासाठी", बाकी मजकूर सारखा. तुरुंग हा शब्द वाचून जे आले ते आक्रमकपणाच्या, हुकूमशाही वृत्तीच्या मापांवर वर निघाले आणि सहानुभूतीत खाली. स्टॅनफर्डच्या जाहिरातीतही तुरुंग हा शब्द होता. झिम्बार्डोंनी या टीकेला उत्तर दिलं, ती त्यांना मान्य नव्हती हे इथे सांगायला हवं, पण ज्या प्रयोगात संशोधक स्वतःच गार्डांचा साहेब असतो तिथे परिस्थितीचा परिणाम कुठला आणि साहेबाच्या इच्छेचा कुठला हे वेगळं काढायचा मार्गच उरत नाही.

इथे मला जे दिसतं ते असं. कैद्यांची भूमिका करणारी मुलं रडत होती, ओरडत होती तरी झिम्बार्डोंना प्रयोग थांबवावासा वाटला नाही, बाहेरून आलेल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलाक यांनी बघितलं आणि तुम्ही या मुलांचं हे जे करताय ते भयंकर आहे असं तोंडावर सांगितलं तेव्हा कुठे ते भानावर आले, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. मुलांचा त्रास ज्या कारणाने दिसला नाही त्याच कारणाने स्वतःचा प्रभावही दिसला नाही. प्रयोग यशस्वी व्हावा ही ओढ. ती ओढ एकदा डोळ्यांवर चढली की समोरचा माणूस पण दिसत नाही आणि समोरचं सत्य पण दिसत नाही. मग हे दोन वेगळे विषय कसे?

मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांच्या प्रयोगाबद्दल थोडक्यात, कारण तो बऱ्याच जणांना माहीत असतो. हुकूम मिळाला की माणूस समोरच्याला किती त्रास देईल हे त्यात बघायचं होतं. १९६१ मधे सुरू झाला, १९६३ मधे पेपर आला, ४० पैकी २६ माणसांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, समोरच्याला ४५० व्होल्टचा शॉक द्यायचं शेवटचं बटणही दाबलं. (शॉक खोटा होता, समोरचा माणूस नाटक करत होता.) पण प्रयोगाचे वीसहून जास्त प्रकार केले होते आणि आज्ञा पाळणाऱ्यांचं प्रमाण त्या प्रत्येकात खूप बदलत होतं, काहींत कोणीच शेवटपर्यंत गेलं नाही. लोकांच्या लक्षात मात्र ६५ हाच आकडा राहिला. १९६४ मधे मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी नैतिकतेवरून कडक टीका केली तेव्हा मिलग्रॅम यांनी सर्व्हे पुढे केला की भाग घेतलेल्या ८४ टक्के लोकांनी आम्हाला भाग घेतल्याचा आनंद आहे असं कळवलंय. आता तो सर्व्हे कसा घेतला? प्रश्नावलीसोबत मिलग्रॅम यांचाच रिपोर्ट पाठवला होता, प्रयोग किती महत्त्वाचा होता ते समजावणारा. म्हणजे "आम्ही कोणाचं वाईट केलं नाही" याचा पुरावासुद्धा बायस्ड पद्धतीने गोळा केलेला. शॉक खोटा होता हे बऱ्याच जणांना कित्येक महिने सांगितलंच नव्हतं, ती माणसं एवढे दिवस आपण कोणाला मारलं की काय हे मनात घेऊन फिरत होती.

उलट बाजूचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. १९५० च्या दशकात मानसशास्त्रात आणि मानसोपचारात सर्वसाधारण समज असा होता की समलैंगिक असणं हा आजार आहे. हा समज कशावर उभा होता? डॉक्टरांकडे उपचारांसाठी आलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या लोकांच्या अभ्यासांवर. दवाखान्यातूनच माणसं उचलली तर त्रासात असलेलीच माणसं मिळणार, यात काय नवल. मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी दवाखान्याबाहेरचे, रोजचं आयुष्य जगणारे ३० समलैंगिक आणि ३० विषमलैंगिक पुरुष घेतले, त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि उत्तरं नामवंत तज्ज्ञांना दिली, कोणतं उत्तर कोणाचं हे न सांगता. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. १९५७ मधे तो पेपर आला. पुढे १९७३ मधे अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, त्यामागे चळवळीचा रेटा मोठा होताच पण हूकर यांच्या कामाचा आधारही होता. बघा, सॅम्पल नीट घेतलं आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, एवढ्या दोन मेथडच्या गोष्टी. पण त्यांनी लाखो माणसांच्या कपाळावरचा रोगाचा शिक्का पुसायला मदत केली. याला नुसतं टेक्निकल काम म्हणणार?

बायस म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी लबाडी करतंय. तसं नसतं, आणि हीच यातली अवघड गोष्ट आहे. बायस बहुतेक वेळा अगदी प्रामाणिक माणसाच्या हातून घडतो. रोझेंथाल आणि फोड यांनी १९६३ मधे दाखवून दिलं होतं, विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले, अर्ध्या जणांना सांगितलं तुमचे उंदीर हुशार जातीचे, उरलेल्यांना सांगितलं तुमचे मठ्ठ, आणि "हुशार" उंदीर खरंच जास्त चांगले शिकले. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. याहून मला २०१२ चा प्रयोग जास्त बोलका वाटतो. त्याच्या आधी १९९६ मधे एक गाजलेली स्टडी आली होती की म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचायला दिले की तरुण मुलंसुद्धा खोलीतून बाहेर पडताना हळू चालतात. २०१२ मधे बेल्जियममधल्या एका टीमने ती परत केली पण चालण्याचा वेळ इन्फ्रारेड सेन्सरने मोजला, फरक दिसला नाही. मग त्यांनी प्रयोग घेणाऱ्यांनाच दोन गटांत वाटलं, एका गटाला भासवलं की ही मुलं हळू चालणार आहेत. तर काय, ज्यांना मुलं हळू चालतील अशी अपेक्षा होती त्यांच्यासमोर मुलं हळू चालली. इथे प्रयोग मुलांच्या मनाबद्दल कमी आणि प्रयोग घेणाऱ्याच्या मनाबद्दल जास्त सांगतो.

पुढची पायरी आकड्यांची. डेटा हातात आला की शंभर छोटे निर्णय घ्यावे लागतात, कोणाला वगळायचं, कुठलं माप धरायचं, अजून वीस माणसं घ्यायची का इथेच थांबायचं, वयाचा हिशेब करायचा का नाही. प्रत्येक निर्णयाला कारण देता येतं. २०११ मधे सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन या तिघांनी दाखवलं की अशा चारच मोकळीकी एकत्र वापरल्या तर जिथे काहीच नाही तिथे काहीतरी "सापडण्याची" शक्यता ५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर जाते. ते पटवायला त्यांनी खरोखरचा डेटा घेऊन असा रिझल्ट काढून दाखवला की एक विशिष्ट गाणं ऐकल्यावर माणसाचं वय दीड वर्षाने कमी होतं. मूड नाही, वय! आणि २०१८ मधे आलेली ती २९ टीम्सची स्टडी, सगळ्यांना एकच डेटा दिला, एकच प्रश्न दिला की फुटबॉलमधे काळ्या वर्णाच्या खेळाडूंना रेफरी जास्त रेड कार्ड देतात का, २० टीम्स म्हणाल्या हो, ९ म्हणाल्या तसं ठामपणे सांगता येत नाही. कोणीही लबाडी केली नव्हती. नेहमीच्या पेपरात आपल्याला या २९ पैकी एकच उत्तर दिसतं, आणि ते कुठलं दिसणार हे उत्तर कोणाला सोयीचं आहे त्यावर ठरायला लागतं. मनासारखं उत्तर आलं की माणूस तपासणं थांबवतो, मनाविरुद्ध आलं की चूक शोधायला बसतो, आपला तो बाब्या दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि मग जे नाही आवडलं ते ड्रॉवरमधे. २००८ मधे डिप्रेशनच्या १२ औषधांवरच्या ७४ स्टडीजचा हिशेब मांडला गेला, या सगळ्या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे नोंदवलेल्या होत्या म्हणून मोजता तरी आल्या. संस्थेच्या मते ३८ मधे औषधाचा फायदा दिसला, त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ मधे फायदा दिसला नाही किंवा शंकास्पद होता, त्यातल्या फक्त ३ जशा होत्या तशा छापल्या गेल्या, २२ छापल्याच नाहीत आणि ११ अशा छापल्या की वाचणाऱ्याला फायदा झाला असं वाटावं. जर्नल वाचणाऱ्या डॉक्टरला जवळपास सगळंच चांगलं दिसत होतं, प्रत्यक्षात निम्म्याच स्टडीज चांगल्या होत्या. या ७४ स्टडीजमधे १२ हजारांहून जास्त पेशंट होते. डिप्रेशनमधे असलेली माणसं, त्यातली काही कित्येक आठवडे औषधाऐवजी साखरेच्या गोळीवर राहिली, कशासाठी तर पुढच्या पेशंटचं भलं व्हावं म्हणून. त्यांचं ते देणं ड्रॉवरमधे गेलं. यापेक्षा उघड अनैतिक गोष्ट मला सांगता येत नाही, पण कुठल्याही कन्सेंट फॉर्ममधे "रिझल्ट आवडला नाही तर आम्ही तो दाबू" असं लिहिलेलं नसतं, आणि लिहिलं असतं तर किती जणांनी सही केली असती?

मानसशास्त्रात तर हे घराघरात चाललेलं होतं. २०१५ मधे शंभर स्टडीज परत करून बघितल्या तेव्हा मूळच्या ९७ टक्क्यांमधे ठाम रिझल्ट होता, परत केल्यावर ३६ टक्क्यांतच उरला. आणि २०२१ मधली तुलना अजून स्पष्ट आहे. नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या मानसशास्त्राच्या पेपर्समधे पहिलाच अंदाज खरा ठरल्याचं प्रमाण ९६ टक्के, आणि जिथे जर्नल आधी फक्त प्लॅन बघून पेपर स्वीकारतं, रिझल्ट काहीही येवो छापायचाच असं ठरवतं, तिथे ४४ टक्के. कोणत्या शास्त्रात माणसाचे ९६ टक्के अंदाज बरोबर येतात? इतके बरोबर येत असतील तर प्रयोग करायची गरजच काय.

कोणाचा अभ्यास होतो हाही याच्यातलाच प्रश्न. २००८ मधल्या एका पाहणीत दिसलं की मानसशास्त्राच्या आघाडीच्या जर्नल्समधले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, जिथे जगातली १२ टक्के माणसं राहतात. त्यातही मोठा वाटा कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा. मग "माणूस असा वागतो" असं लिहिताना बाकीची माणसं गृहीत धरलेली असतात, त्यांना विचारलेलं नसतं, पण अशा अभ्यासांतून तयार झालेल्या चाचण्या, उपचार, शाळेतले नियम त्यांना लागू मात्र होतात. ज्याला रिसर्चमधे घेतलंच नाही त्याच्याबद्दल एथिक्स कमिटी काही बोलतच नाही, कारण कमिटीच्या दृष्टीने तो तिथे नाहीच.

तर माझी मागणी काय. माणसांवर होणाऱ्या प्रत्येक स्टडीला मंजुरी देताना कमिटीने तीन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, एवढ्या माणसांमधे आणि अशा मोजमापाने प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं हे दाखवा. दोन, डेटा गोळा करण्याआधी तुमचा अंदाज आणि तपासायची पद्धत सार्वजनिक ठिकाणी नोंदवा. तीन, रिझल्ट कसाही आला तरी ठराविक मुदतीत जाहीर करा, आणि नावं काढून टाकलेला डेटा दुसऱ्यांना तपासायला खुला ठेवा. ही अट कन्सेंटइतकीच पक्की असावी, आधीच्या स्टडीचा रिझल्ट दडवला असेल तर पुढच्या स्टडीला परवानगी नाही.

औषधांच्या क्षेत्रात हे निम्मंअर्धं तरी झालंय. मोठ्या मेडिकल जर्नल्सनी २००५ पासून आधी नोंदणी न केलेल्या ट्रायल्स, म्हणजे माणसांवरच्या उपचारांच्या चाचण्या, छापायचं बंद केलं, डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या हेलसिंकी घोषणेत नोंदणीची आणि नकारात्मक रिझल्टसुद्धा जाहीर करण्याची गोष्ट नैतिक कर्तव्य म्हणून लिहिली गेली. फरक पडतो का? अमेरिकेत सरकारी पैशावर झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या ट्रायल्सची २०१५ मधे तुलना झाली, २००० च्या आधीच्या ३० पैकी १७ मधे उपचाराचा फायदा दिसला होता, नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मधे. कारणं अजूनही असतील, मान्य, पण हा फरक बघून झोप उडायला पाहिजे.

याला विरोध करणारे म्हणतात की संशोधन म्हणजे शोध, आधीच सगळं लिहून ठेवलं तर अनपेक्षित काही सापडणारच नाही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते कारण बऱ्याच चांगल्या कल्पना अशाच डेटा चाळताना सुचतात. पण नोंदणीने चाळायला बंदी येतच नाही, फक्त चाळताना सापडलेलं ते "आम्हाला आधीपासून माहीत होतं" म्हणून खपवता येत नाही. शोधलं तर शोधलं म्हणा, तपासलं तर तपासलं म्हणा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की छोट्या विभागांवर, एकट्या पीएचडी करणाऱ्यांवर कागदपत्रांचा बोजा पडेल आणि कमिटीत बसलेल्यांना स्टॅटिस्टिक्स कळतं कुठे. बरोबर आहे, कमिट्यांमधे ते कळणारी माणसं घ्यावी लागतील, पैसा लागेल, आणि काही छोट्या स्टडीज होणारच नाहीत, त्याऐवजी चार विभागांनी मिळून एक मोठी करावी लागेल. मला त्यात तोटा दिसत नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्यावरचा खरा बोजा आज वेगळाच आहे, "रिझल्ट आला नाही तर माझं काय होणार" हा. प्लॅन चांगला असेल तर रिझल्ट न येताही पेपर छापला जाईल ही खात्री मिळाली तर सगळ्यात मोठा दिलासा त्यालाच मिळेल.

आणि नोंदणी म्हणजे रामबाण नाही हेही बोलायला हवं. लोक गोलमोल नोंदणी करतात, नोंदवलेलं सोडून दुसरंच करतात. नोंदणी वगैरे चांगल्या सवयींमुळे रिझल्ट्स पक्के होतात असा दावा करणारा २०२३ चा एक पेपरच २०२४ मधे मागे घेतला गेला, कारण त्यात जे आधी नोंदवलं होतं म्हणून सांगितलं त्यातल्या काही गोष्टी तशा नोंदवलेल्या नव्हत्या. पण हे कळलं कसं? नोंदी उघड होत्या म्हणून, दुसऱ्यांना जाऊन बघता आलं म्हणून. डीडरिक स्टापेल यांच्या बाबतीत नेमकं हेच नव्हतं. नेदरलँड्समधले हे मोठे प्राध्यापक वर्षानुवर्षं डेटा मनाने तयार करत होते, विद्यार्थ्यांना तयार डेटा आणून द्यायचे, त्या बिचाऱ्यांच्या पीएचड्या त्या खोट्या आकड्यांवर उभ्या राहिल्या. २०११ मधे बाहेर काढलं ते हाताखालच्या तरुण संशोधकांनी, केवढी जोखीम पत्करून. ५८ पेपर मागे घ्यावे लागले. मूळ डेटा मागायची आणि द्यायची साधी रीत असती तर ही हिंमत करायची वेळ त्या पोरांवर यायला नको होती. ती रीत नव्हती याचा पुरावा आहे, २००६ मधे एका टीमने मानसशास्त्राच्या १४१ पेपर्सच्या लेखकांकडे डेटा मागितला, ७३ टक्क्यांनी दिला नाही.

हे सगळं विद्यापीठांचं झालं, तिथे निदान कमिटी तरी असते. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या न्यूजफीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यावर परिणाम होतो का ते पाहायला. २०१४ मधे पेपर आला तेव्हा कळलं. परवानगी काय तर अकाउंट काढताना मान्य केलेल्या अटी. सोबत काम करणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या कमिटीने डेटा आधीच कंपनीने गोळा केलाय म्हणून आपल्याला तपासायची गरज नाही असं ठरवलं, जर्नलने नंतर चिंता व्यक्त करणारी टीप छापली. परिणाम निघाला तो अगदीच बारीक होता. लोकांचा राग परवानगीवरून झाला आणि तो योग्यच होता, पण त्या रागात दुसरी गोष्ट बाजूला राहिली, निदान हा प्रयोग छापला तरी गेला होता. अशा कंपन्या आपल्यावर सतत प्रयोग करत असतात, कुठलं बटण दाखवलं की माणूस जास्त वेळ थांबतो, कुठल्या नोटिफिकेशनने परत येतो, आणि त्यातलं बहुतेक कधीच बाहेर येत नाही.

२०२१ मधे फेसबुकमधे आधी काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा त्यात कंपनीच्याच मालकीच्या इन्स्टाग्रामबद्दलची तिची स्वतःची पाहणी होती. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अजून वाढलं असं त्यातल्या ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. कंपनीने उत्तर दिलं की त्या स्लाइड्सचा चुकीचा अर्थ लावला जातोय, पाहणी छोटी आहे, मुलींनी स्वतः सांगितलेल्या उत्तरांवरून कारण सिद्ध होत नाही. मेथड म्हणून बघितलं तर यात तथ्य आहे, अशा पाहणीवरून कारण-परिणाम खरंच सांगता येत नाही. पण मग ज्या कंपनीकडे सगळा डेटा होता, पैसा होता, संशोधक होते, तिने पक्कं उत्तर देणारी स्टडी आधी नोंदवून, रिझल्ट जाहीर करण्याच्या अटीवर का केली नाही? विद्यापीठात दहा विद्यार्थ्यांना प्रश्नावली द्यायची तरी कमिटीपुढे जावं लागतं, आणि कोट्यवधी मुलामुलींच्या मनावर प्रयोग करणाऱ्याला कोणाकडेच जावं लागत नाही. वर सांगितलेल्या तीन अटी सगळ्यात आधी तिथे लागू व्हायला हव्यात, कायद्याने.